पिवळ्या दोऱ्याचे बेडूक

कॉलेजातल्या सरांवर कुणी लिहायला बसलं की वाचणारा आधीच रुमाल घडी करून मांडीवर ठेवतो. आता चष्म्याची तुटलेली काडी येईल, ठिगळाचा कोट येईल, गरीब पोराची गुपचूप भरलेली फी येईल, आणि शेवटी ते पोर मोठं साहेब होऊन सरांच्या पाया पडेल. रुमाल खिशात ठेवा. आमच्या सरांचा चष्मा धड होता, कोट नव्हताच, फी त्यांनी कुणाची भरली नाही आणि मी साहेब झालो नाही. ह्यात एक लग्न तेवढं आहे, पण जेवण नाही. तेव्हा तीही आशा सोडा.

आणि मी तंजावुरजवळच्या पापनाशमचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझ्या मराठीला चिंचेचा वास येईल, तो सहन करायचा.

सर प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे लेक्चरर वर्गात बोलून जाणार आणि बेडूक कापून दाखवायचा तो ह्यांनी. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत मी शिकायला ज्या मामांकडे होतो त्यांच्या घरापासून चार दारं सोडून राहायचे. आमच्यासारखेच मराठी. घरात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. म्हणायची एवढंच, हाक मारायची नाही कुणी.

सर माणसाला चेहऱ्यानं ओळखत नसत, पोटरीनं ओळखत. रस्त्यात भेटले की नजर गुडघ्याखाली. माझे मामा एकदा धोतर सोडून पॅन्ट घालून गेले तर सरांनी त्यांना ओळखच दिली नाही. मामा महिनाभर रुसले होते. एकदा तर भर उत्सवात देवाची पालखी चाललेली, आणि सर वाकून एका भोयाची पोटरी दाबून बघताहेत. पालखी डगमगली. भोयानं फिरून थोबाडीत दिली. सर गालावर हात ठेवून त्याच्याबरोबर चालत चालत तमिळमध्ये विचारतात, "ते राहू दे रे. आत जळतंय ना? कुठं जळतंय, वर की खाली?"

हे जळणं म्हणजे सरांचं सगळं आयुष्य.

पुस्तकात काय लिहिलेलं? स्नायू दमतो तेव्हा आतली साखर मोडते, हवा पुरत नाही, आणि मागे एक आंबट पदार्थ उरतो. लॅक्टिक आम्ल. तो साठला की पाय जळतो, गोळा येतो. म्हणजे तो कचरा, विष. परीक्षेत असंच लिहायचं. सर म्हणायचे, परीक्षेत तसंच लिहा, पास व्हा, आणि मग विसरा. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ते आंबट म्हणजे निरोप. दमलेला स्नायू ते पाठवून सांगतो की मी फाटतोय, मला नवीन धागे द्या. "स्नायूच्या कडेला कुणीतरी झोपलेलं असणार," असं ते म्हणायचे, बोट ओठावर ठेवून, जणू ते खरंच जागं होईल. "दुखापत झाली की तेच उठून नवा स्नायू विणतं. पण त्याला उठवायला आंबट लागतं."

मागच्या बाकावरनं कुणी तरी विचारलं, "सर, राखेला कुणी निरोप म्हणतं का? जळून उरलं ते उरलं."

"उभा राहा," सर म्हणाले. "कपाळाला काय लावलंयस?"

पोरगं विभूती पुसायला लागलं.

"पुसू नको. जळून उरलेलं कपाळाला लावून येतोस आणि मला विचारतोस? तुझी आई भांडी कशानं घासते? दोडक्याच्या वेलाला काय घालते? बैस."

प्रॅक्टिकल चालू असताना ते खुर्चीत बसत नसत. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायचे, सगळा तास, पोटरीत आग पडेपर्यंत. शेवटी शेवटी बोलताना आवाज थरथरायचा, नाकातून यायला लागायचा. आता मला सांगा, देवानं मला लोकांच्या नकला करायचं एवढंच कौशल्य दिलेलं, आणि समोर हे चवड्यांवरचं सोनं. मी काय डोळे मिटून बसू? तास सुरू व्हायच्या आधी मी टेबलापाशी चवड्यांवर उभा राहून नाकातून म्हणत होतो, "कचरा कुणाला म्हणता हो? तुमच्या वडिलांना विचारा," आणि अख्खा वर्ग हसताना एकदम गप्प झाला. मागे वळलो तर सर.

"टाच," ते म्हणाले. "खाली आहे. आणखी वर घे. तुझं जळत नाहीय, म्हणून आवाज खोटा येतोय."

मला तास संपेपर्यंत तसंच उभं ठेवलं. शिक्षा म्हणून नाही. दर थोड्या वेळानं येऊन पोटरी दाबायचे आणि विचारायचे, "आता? आता कसं वाटतंय?" त्या दिवसापासनं मी त्यांचा माणूस झालो. म्हणजे त्यांचे बेडूक पकडायला लागलो.

आमचे विभागप्रमुख इस्त्रीचे होते. शर्टाला इस्त्री, बोलण्याला इस्त्री, हसण्यालाही. सरांनी कॉलेजात जागा मागितली, एका कोपऱ्यात बेडकांच्या चार कुंड्या ठेवायला. विभागप्रमुख म्हणाले, "मिस्टर, डेमॉन्स्ट्रेटरचं काम दाखवायचं. तेही आम्ही सांगू ते." सूक्ष्मदर्शक मागितला, तो कपाटात होता आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. आम्लाची बाटली मागितली, त्या चिठ्ठीवर सही झालीच नाही. ह्या विभागप्रमुखांची नक्कल मी अजून करतो. लोक फार हसतात. मला नाही हसू येत.

मग सरांनी सगळं घरी मांडलं, मागच्या परसात. दोन दगडी डोण्या, त्यांत बेडूक. बाटली नाही तर नाही, अक्काचं ताक आहे. दमलेल्या पोटरीतलं आंबट आणि ताकातलं आंबट हे नात्यानं एकच, असं त्यांचं म्हणणं. अक्का ताक आंबवायची, पातळ फडक्यानं गाळायची, त्याची निवळ सर पाण्यात मिसळायचे. बेडकाच्या पोटरीला चिमट्यानं इजा करायची, मग अर्ध्या बेडकांचे पाय रोज ह्या आंबट पाण्यात, अर्ध्यांचे साध्या. कुणाचं लवकर भरतं बघायचं.

चिमटा लावायच्या दिवशी सर जेवत नसत. प्रत्येक बेडकाला आधी हळू आवाजात काहीतरी सांगायचे. मी एकदा कान देऊन ऐकलं. "जमलं तर माफ कर, नाही जमलं तर नको करू," असं म्हणत होते. मी हसलो. अक्का म्हणाली, "हसू नको रे. लहानपणापासनं असाच आहे हा. मुंगी मारली तरी मुंगीच्या आईचं काय होईल म्हणून रडायचा. आणि आता हे धंदे."

कुठला बेडूक कुठला हे कळायला पुढच्या पायाला दोरा बांधायचा ठरलं. घरात दोरा पांढरा, आणि रंग म्हणजे हळद. साध्या पाण्यातल्यांना पांढरा दोरा, आंबटातल्यांना हळदीचा पिवळा. अक्कानंच दोरे हळदीत बुडवून वाळवले. सर तिला सांगत काही नव्हते. ती विचारतही नव्हती. "बरे झाले का रे ते?" एवढंच.

बरे होत होते. सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून सर त्यांना परसात उड्या मारायला लावायचे, आणि मी खडूनं जमिनीवर खूण करायचो. पांढरे बेडूक उडी मारायच्या ऐवजी एका बाजूला लवंडायचे. पिवळे उडायचे. एक तर असा उडाला की थेट अक्काच्या तुळशीत. सर खडूची खूण बघत उकिडवे बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत.

मद्रासहून एक मोठे प्रोफेसर कॉलेज तपासायला येणार होते. स्नायूंवर त्यांचा शब्द शेवटचा. सरांनी विभागप्रमुखांना ओलांडून थेट त्यांना लिहिलं, आणि उत्तर आलं की येतो, बघतो, बेडूक पसंत पडले तर एक-दोन कापून मद्रासच्या सूक्ष्मदर्शकाखाली घालतो. सरांची नोकरी दर वर्षी नव्यानं लिहून द्यावी लागणारी. विभागप्रमुखांनी ह्या वर्षी सांगितलेलंच होतं, ही शेवटची. प्रोफेसर हो म्हणाले तर सर मद्रासला जाणार, खरी प्रयोगशाळा मिळणार. नाही म्हणाले तर शाळा. गल्लीतल्या पोरांनाही हे ठाऊक होतं. अक्काला मात्र सरांनी एवढंच सांगितलं की एक पाहुणे येणार आहेत, कॉफी चांगली कर.

आता लग्न.

त्या वर्षी पाऊस नव्हता. कावेरीच्या कालव्यात पोरं क्रिकेट खेळत होती. असं झालं की आमच्याकडे बेडकांचं लग्न लावतात. वाजवत मिरवायचं, हळद लावायची, नवरा-नवरी देवळाच्या तळ्यात सोडायची. गल्लीतल्या बायकांनी ठरवलं. पण बेडूक कुठून आणायचे? सगळं कोरडं. ओले बेडूक अख्ख्या तंजावुरात एकाच घरी.

प्रोफेसर यायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मी आणि सर कॉलेजातनं आलो तर तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, फुलं सांडलेली. उंबऱ्यावर हळद-कुंकू. अक्का दारात उभी. तिला मी इतकं ताठ उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

"सगळ्या आल्या होत्या रे," ती सरांना म्हणाली. "सगळ्या. कोपऱ्यावरची पण आली, जी मला बघून रस्ता बदलते ती. नादस्वर घेऊन आल्या. म्हणाल्या, अक्का, तुमच्या घरचे बेडूक द्या."

सर उंबऱ्यावरची हळद बघत होते.

"मी म्हटलं, मी कशी येऊ? मी लग्नात चालते होय? तर त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, पाऊस मागायला विधवाच पाहिजे, तिचं मागणं वर पोचतं. टोपली माझ्या हातात दिली. मला पुढं चालवलं, सगळ्यांच्या पुढं. देवळापर्यंत."

"कुठले दिलेस?" सरांनी विचारलं.

"पिवळे. सगळेच. त्यांनीच निवडले. दोरा बघितला आणि हातच जोडले त्यांनी. म्हणाल्या, मास्तरांनी आधीच काप्पु बांधून ठेवलंय."

हे सांगायला हवं. आमच्याकडे जत्रेआधी नवस बोललेल्या माणसाच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधतात. तो काप्पु. तो बांधला की माणूस देवाचा, नवस फिटेपर्यंत गाव सोडायचं नाही. आमच्या बेडकांच्या मनगटाला तोच पिवळा दोरा. बायकांनी काय समजायचं? सर वरून शास्त्र करतात आणि आतून पावसाचा नवस करून बसलेत, असं समजल्या. सरांना पहिल्यांदा गल्लीनं नमस्कार केला, तो असा.

"मलाही तेच बरं वाटलं," अक्का म्हणाली. "पिवळ्यांचं दुखणं संपलंय. दुखणाऱ्यांना मिरवायचं म्हणजे पाप. बरोबर केलं ना मी?"

सरांनी चप्पल काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

"बरोबर केलंस," ते म्हणाले.

पाऊस आला, दुसऱ्या दिवशी. धूळ बसण्यापुरता. गल्लीला तेवढा पुरला. सरांच्या दाराला नारळ, अक्काच्या हातात केळी. ज्या घरात कुणी पाणी पीत नव्हतं, त्या घराच्या तिण्णैवर बायका बसून चण्याचं सुंडल खायला लागल्या. आणि प्रोफेसर उद्या सकाळी येणार.

मी तळ्यावर गेलो. सर म्हणाले नाहीत, मीच गेलो. पायऱ्यांच्या फटीत हात घालून घालून कोपरं सोलली. पुजाऱ्यानं विचारलं काय करतोस, तर मी विभागप्रमुखांच्या आवाजात इंग्रजी फाडलं, तो भिऊन गेला. दोन सापडले. दोन्ही पिवळ्या दोऱ्याचे. पंचात गुंडाळून मागच्या गल्लीनं परसात आणले. सर डोणीपाशी बसले होते.

मी पंचातनं एक काढून दिला, तो त्यांनी हातात घेतला. पाय लांब केला. पोटरीवर अंगठा ठेवला, आणि डोळे मिटले. कुणाचीही पोटरी दाबताना मिटायचे तसेच. बेडकानं लाथ मारली. सरांचा अंगठा मागे फेकला गेला.

"भरलंय," ते म्हणाले. "अरे, पूर्ण भरलंय."

मी नाचायचाच बाकी होतो. तेवढ्यात पुढच्या तिण्णैवरनं अक्काचा आवाज आला. ती मिरवणूक सांगत होती, पुन्हा पहिल्यापासनं, आणि म्हातारी मध्ये मध्ये म्हणत होती, "आणि मग? आणि मग?"

सरांनी बेडूक पंचाखाली झाकला.

मी म्हटलं, "सर, उद्या एक दिवस. डोणीत ठेवू, कुणाला कळतंय?"

"प्रोफेसर कॉलेजात नाही, इथं येणार आहेत," ते म्हणाले. "आल्यावर अख्खी गल्ली भिंतीवर चढून बघणार. देवाला दिलेले बेडूक मास्तरांच्या डोणीत, आणि मद्रासचा साहेब ते कापतोय. उद्यापासनं ह्या तिण्णैवर कोण बसेल?"

"मग साहेबांना खरं सांगा. चुकून गेले म्हणा."

"विभागप्रमुखही येणार आहेत बरोबर. खरं म्हणजे काय सांगू त्यांना? बहिणीनं लग्न लावून दिलं? ते तिला विचारतील. हसत विचारतील. मग तिला कळेल की त्या बेडकांवर माझं काय टांगलेलं होतं."

आम्ही मागच्या दारानं तळ्यावर गेलो. सर खालच्या पायरीवर बसले, नखानं दोन्ही दोरे तोडले, आणि बेडूक पाण्यात सोडले. दोरा नसलेला बेडूक दुसऱ्या बेडकासारखाच दिसतो. मी बघत उभा होतो, आणि कुठला कुठं गेला हे मलाही कळलं नाही.

सकाळी प्रोफेसर आले. बरोबर इस्त्रीवाले विभागप्रमुख. परसातल्या डोणीत पांढऱ्या दोऱ्याचे बेडूक एका बाजूला लवंडलेले.

"हे साध्या पाण्यातले," प्रोफेसर म्हणाले. "आणि आम्लातले?"

"मेले, सर."

"किती?"

"सगळे."

प्रोफेसर चांगले होते, तेच वाईट झालं. रागावले असते तर बरं होतं. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला आश्चर्य वाटत नाही. जखमेवर तुम्ही विष घालत होता. कल्पना सुरेख आहे, पण निसर्ग कल्पना बघत नाही." विभागप्रमुख म्हणाले, "आणि तेही ताकातून, सर," आणि दोघं हळू हसले.

अक्का कॉफी घेऊन आली. प्रोफेसरांनी घोट घेतला आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास. अशी कॉफी मद्रासला मिळत नाही." अक्काचा चेहरा फुलला. ती दिवसभर ते वाक्य सांगत होती. तंजावुरातनं प्रोफेसर जे घेऊन गेले ते एवढंच.

सरांचं म्हणणं खरं होतं की खोटं, मला माहीत नाही. दोन बेडकांवरनं शास्त्र होत नसतं, हे त्यांनीच शिकवलेलं. पण ज्यांनी बघितलं नाही ते ठरवून गेले, आणि ज्यानं अंगठ्याखाली बघितलं तो ओरत्तनाडूच्या शाळेत आता सातवीला गणित शिकवतो. गेल्या वर्षी मी बसमधनं बघितलं, फळ्यापाशी सपाट पायांवर उभे होते.

पण हे पुढचं झालं. त्या दिवशी पाहुण्यांची गाडी गेली आणि मी परसात जाऊन बोललो. गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "सर, तुम्ही मारलेत ते. जिवंत बेडूक तुम्ही तोंडानं मारलेत. अक्कांना खरं सांगितलं असतं तर त्यांनीच म्हटलं असतं की आणा परत. मी सांगतो त्यांना आत्ता."

सर फिरले. एवढ्या दिवसांत मी त्यांना रागावलेलं बघितलं नव्हतं. भोयानं मारलं तेव्हाही नाही.

"सांग," ते म्हणाले. "जा, सांग. तुझ्या त्या आवाजात सांग, म्हणजे तिला हसूही येईल. आमचे मेव्हणे गेले तेव्हापासनं तिच्या हातात कुणी टोपली दिली नव्हती. परवा दिली. ती तू काढून घेणार? कशासाठी? माझ्या मद्राससाठी? तू कोण रे माझं मद्रास मागणारा? मी मागितलं नाही, ते तुला पाहिजे?"

मी म्हटलं, "पण सर, पाय भरला होता."

"भरला होता ना? मग काल त्याच पायाला कशाला धरलंस? मी बघितलं. पंचातनं काढताना मागच्या पायाला धरून काढलंस. ज्या पायाला मी इतके दिवस ताक पाजलं त्या पायाला लोंबकळत धरलंस. बेडूक कमरेला धरतात, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं की नाही? शिकवलं होतं की नाही? बोल की आता."